जमशेटजी टाटा आणि कामकऱ्याच्या उद्यांची तरतूद

नागझिऱ्याच्या जंगलाभोंवतीं पिटेझरी, मंगेझरी, चोरखमारा अशा गांवांतून राहणाऱ्या आमच्या वाचकांस मजुरी म्हणजे काय, हें कोणीं शिकवावयास नको. उन्हाळ्याच्या तोंडीं मोहफुलें वेंचावयाचीं, मग तेंदूचीं पानें तोडून त्यांचे पुडे बांधावयाचे व ते फळीवर नेऊन मोजून द्यावयाचे, पाऊस लागला कीं भाताचीं रोपें लावण्यासाठीं चिखलांत उतरावयाचें, आणि हंगाम सरला कीं गोंदियाच्या भातगिरण्यांकडे किंवा त्याहून दूर नागपुराकडे काम शोधीत जावयाचें, असा हा वर्षाचा फेरा आहे. या फेऱ्यांत ज्या दिवशीं हात चालतो त्या दिवशीं पैसा येतो. ज्या दिवशीं ताप भरतो, पाय मोडतो, किंवा वय झाल्यामुळें डोळ्यांस दिसेनासें होतें, त्या दिवसाचा पैसा कोणी देत नाहीं.

मोशेच्या नियमशास्त्रांत मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं त्याच्या हातीं पडावी असा दंडक आहे, हें मंडळींतील लहान मुलांसहि ठाऊक असतें. परंतु ती आजच्या दिवसाची मजुरी झाली. जो मनुष्य वीस वर्षें एकाच धन्याच्या दारांत राबला, त्याचे हात थकल्यावर त्याच्या पोटाची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न फार जुना आहे. आमच्याच प्रांतांत, नागपुरांत, एका गिरणीच्या मालकानें तो आपला म्हणून हातीं घेतला, आणि तोहि कोणत्याहि कायद्यानें तसें करावयास लावण्यापूर्वीं. त्या मालकाचें नांव जमशेटजी नसरवानजी टाटा. ते ख्रिस्ती नव्हते. पारशी होते, आणि त्यांतहि पुरोहितांच्या कुळांतले होते. त्यांच्या चरित्रांतील लोखंडाचा कारखाना, मुंबईचें मोठें हॉटेल आणि बंगलोरची विज्ञानसंस्था यांविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आम्ही आज मुख्यतः नागपुरच्या गिरणीविषयीं लिहिणार आहों.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजीं गुजराथेंत नवसारी येथें झाला. घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उपाध्येपण चालत आलें होतें. तें सोडून व्यापारांत शिरणारे त्यांचे वडील नसरवानजी हे त्या घराण्यांतील पहिलेच. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला तेव्हां त्यांनीं त्यास मुंबईस आणिलें. एल्फिन्स्टन कॉलेजांतील शिक्षण १८५८ सालीं पुरें करून जमशेटजी वडिलांच्या पेढीवर बसले व लवकरच व्यापारानिमित्त हाँगकाँगास गेले. त्या पेढींतून चीन देशाकडे कापसाबरोबर अफूहि जात असे. त्या काळच्या मुंबईच्या बहुतेक मोठ्या पेढ्यांची हीच गोष्ट होती. ती आम्हांस आवडत नाहीं, पण चरित्र लिहावयाचें तर ती गाळून चालणार नाहीं.

यानंतर जो प्रसंग आला त्याजकडे वाचकांनीं लक्ष द्यावें, कारण पुढील सर्व गोष्टी कळण्यास तो उपयोगीं पडेल असें आम्हांस वाटतें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि आमच्या इकडील कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. लोक कागदाच्या तुकड्यांवर लाखों रुपये लावूं लागले. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि तो पूर एका आठवड्यांत ओसरावा तसा ओसरला. त्या वेळीं तरुण जमशेटजी लंडनांत होते. हातीं जे कागद घेऊन ते गेले होते त्यांची किंमत नाहींशी झाली. पळून जाणें किंवा तोंड लपविणें त्यांस शक्य होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. सावकारांसमोर व बँकांसमोर उभें राहून त्यांनीं आपली खरी स्थिति सांगितली, आणि तिचा परिणाम असा झाला कीं, त्या सावकारांनींच त्यांस त्यांच्या बुडालेल्या पेढीच्या देण्याघेण्याची वासलात लावण्याच्या कामावर नेमिलें, आणि महिना २० पौंड पगार करून दिला. इकडे वडिलांस देणीं फेडण्यासाठीं राहतें घर विकावें लागलें.

लक्षाधीशाच्या मुलानें महिन्याच्या बांधलेल्या पगारावर परमुलखांत दिवस काढावे, आणि घरचें छप्पर गेल्याची बातमी पत्रानें ऐकावी! असा अनुभव ज्यास आला त्यानें पुढें हजारों माणसांचे पगार वांटतांना त्या पगाराकडे कोणत्या नजरेनें पाहिलें असेल, याचा विचार वाचकांनीं करावा.

नसरवानजींचें दैव लवकर फिरलें. १८६७-६८ सालीं इंग्रजांची फौज अबिसीनियावर गेली. तिला सामान पुरविण्याच्या मक्त्यांत त्यांचा भाग होता, आणि त्यांत बराच नफा झाला. १८६८ सालीं जमशेटजींनीं २१,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढिली. दुसऱ्या वर्षीं चिंचपोकळीस एक बुडालेली तेलाची गिरणी विकत घेऊन तिची त्यांनीं कापसाची गिरणी केली व थोड्याच काळानें ती नफ्यानें विकून टाकिली. मग ते विलायतेस लँकेशायर प्रांतीं गेले व तेथील कापसाचा धंदा मुळापासून पाहून आले.

परत आल्यावर त्यांनीं जी गोष्ट केली ती त्या काळच्या शहाण्या लोकांस वेडेपणाची वाटली. त्या वेळीं गिरणी म्हणजे मुंबईंतच, अशी समजूत होती. यांनीं मुंबई सोडून नागपूर निवडलें. कारणें सरळ होतीं: कापूस नागपूर-वऱ्हाडाच्या काळ्या जमिनींत पिकतो, मग तो बोटींच्या बंदरापर्यंत ओढून नेण्यांत काय अर्थ? कोळसा चांदा जिल्ह्यांत वरोऱ्यास सांपडूं लागला होता, आगगाडी १८६७ सालींच नागपुरास पोंचली होती, आणि कापड विकत घेणारी माणसेंहि याच मुलखांत राहत होतीं. १८७४ सालीं १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तांत मिळाली. तिच्यांत भराव घालण्याचें काम सुरू झालें. नागपुरांतील एका मारवाडी सावकारास या कामीं पैसा मागितला असतां, हा गृहस्थ सोनें मातींत घालीत आहे असें म्हणून त्यानें नकार दिला. पुढें गिरणीची भरभराट पाहिल्यावर त्यानेंच कबूल केलें कीं, त्या गृहस्थानें माती घालून सोनें काढिलें.

१ जानेवारी १८७७ रोजीं गिरणी सुरू झाली. त्याच दिवशीं दिल्लीस व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें. त्यावरून गिरणीस एम्प्रेस मिल हें नांव पडलें. आरंभीं सुमारें ३०,००० चात्या आणि ४५० माग होते. कारभारी म्हणून जमशेटजींनीं बेझनजी दादाभाई मेहता यांस नेमिलें. हे गृहस्थ रेल्वेच्या माल खात्यांत काम केलेले. गिरणीचें त्यांस कांहींएक ज्ञान नव्हतें. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या लँकेशायरच्या इंग्रज गृहस्थाकडे होती. माणूस पारखण्यांत जमशेटजी चुकले नाहींत. मात्र यंत्रें पारखण्यांत प्रथम चुकले. सुरुवातीस घेतलेलीं यंत्रें हलक्या प्रतीचीं निघालीं, सूत वाईट निघूं लागलें, भागीदार कुरकुरूं लागले. जमशेटजींनीं तीं यंत्रें काढून टाकून चांगलीं घेतलीं.

यंत्रें बदलतां आलीं. पण माणसांचा प्रश्न राहिला. रोज सकाळीं भोंगा झाला कीं पुष्कळ मागांजवळ व चात्यांजवळ माणूसच नसे. आज आला तो उद्यां येईलच याचा नेम नव्हता. कोणाच्या घरीं लग्न, कोणाच्या घरीं मरण, कोणी सणास गांवीं गेला तो महिनाभर परतलाच नाहीं, आणि मृग नक्षत्र लागलें कीं विचारावयासच नको. नागपुरचा मजूर आळशी आहे, त्यास पैशाची हांव नाहीं, दोन दिवसांचें पोटाला मिळालें कीं तिसऱ्या दिवशीं तो काम करीत नाहीं, असें मालकवर्गांत सर्रास म्हणण्यांत येई. मुंबईच्या मालकांनीं अशा वेळीं काय केलें असतें? दंड केला असता, पगार कापला असता, मुकादमाकडून दम दिला असता. हे उपाय नागपुरांतहि ठाऊक होतेच.

येथें आम्ही आमचें मत सांगतों. तो मजूर आळशी नव्हता. गांव हीच त्याची ठेव होती. आजारी पडला तर तो गांवींच जाणार; हात तुटला तर भाऊबंदांच्याच ओसरीवर पडणार; म्हातारा झाला तर मुलाच्या वांट्याच्या दोन बांध्यांवरच त्याचें पोट भरणार. मग लग्नास गेलें नाहीं, पेरणीस हात लाविला नाहीं, तर त्या दिवशीं त्याच्यासाठीं दार कोण उघडील? नागझिऱ्याकडील कोणताहि माणूस हें सांगूं शकेल. ज्यास आपल्या गिरणींत बाराहि महिने माणूस पाहिजे, त्यानें गांव त्या माणसास जें देतो तें दिलें पाहिजे. नुसता आजचा रोज देऊन तें साधत नाहीं.

जमशेटजींनीं हें याच शब्दांत मांडिलें असें आम्ही म्हणत नाहीं, पण त्यांची कृति पाहतां त्यांस तें उमगलें होतें असें दिसतें. प्रथम त्यांनीं बक्षिसांचा प्रघात घातला. वर्षांतून एक दिवस कामगारांचा मेळा भरे, खेळ होत, आणि ज्यांची हजेरी व काम चांगलें असेल त्यांस घड्याळें, वस्त्रें व रोख रक्कम वांटण्यांत येई. लोकांस आनंद होई. परंतु बक्षीस ही मालकाच्या खुशीची गोष्ट आहे. यंदां दिलें, पुढच्या वर्षीं न दिलें तर कोणास विचारतां येत नाहीं. आमच्या खेड्यांतला पाटील सालदाराच्या मुलीच्या लग्नांत लुगडें देतो. मोठ्या मनानें देतो यांत शंका नाहीं. तरी त्या लुगड्यावर सालदाराचा हक्क नसतो, आणि पाटलाची मर्जी गेली कीं लुगडेंहि गेलें.

म्हणून खरें महत्त्वाचें पाऊल तें नव्हे. १८८६ सालीं एम्प्रेस मिलमध्यें निवृत्तिवेतनाचा निधि स्थापन झाला. वाचकांस निधि ही गोष्ट नीट कळावी म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. धन्यानें आपल्या तिजोरींतला कांहीं पैसा अलग काढून ठेवावयाचा, तो कोणास, कोणत्या अटींवर, किती मिळावयाचा याचे नियम आधींच लिहून ठेवावयाचे, आणि मग धंदा तेजींत असो वा मंदींत, कारभारी बदललेला असो वा तोच असो, ज्याचीं ठरलेलीं वर्षें भरलीं त्यास तो द्यावयाचा. यांत मर्जीचा प्रश्न राहत नाहीं. कणगींत बियाणें वेगळें ठेवण्यासारखेंच हें आहे. घरांत कितीहि ओढ असली तरी त्या मापाला हात लावावयाचा नाहीं. १८९५ सालापासून गिरणींत काम करतांना ज्यास इजा झाली त्यास भरपाई देण्यास सुरुवात झाली. पुढें भविष्यनिर्वाहाचा निधिहि झाला. आज ज्यास लोक पीएफ म्हणतात तो हाच प्रकार. त्यांत कामगाराच्या पगारांतून थोडा पैसा कापून ठेवितात, तितक्यांत धनी आपली भर घालतो, वर व्याज चढतें, आणि काम सोडतांना ती रक्कम कामगाराच्या हातीं पडते.

या सालांचा अर्थ जगाकडे पाहिल्याशिवाय कळत नाहीं. जर्मनींत प्रधान बिस्मार्क यांनीं अपघाताच्या विम्याचा कायदा १८८४ सालीं आणि म्हातारपणाच्या वेतनाचा १८८९ सालीं केला, आणि साऱ्या युरोपांत त्याचें नवल झालें. इंग्लंडांत कामावरील इजेच्या भरपाईचा कायदा १८९७ सालीं झाला व म्हाताऱ्यांच्या वेतनाचा १९०८ सालीं. म्हणजे नागपुरांतील एका गिरणीनें म्हातारपणाची सोय जर्मनीच्या कायद्याच्या तीन वर्षें आधीं व इजेची सोय इंग्लंडच्या कायद्याच्या दोन वर्षें आधीं केली. हिंदुस्थानांत इजेच्या भरपाईचा कायदा व्हावयास १९२३ साल उजाडावें लागलें, आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर स्वराज्यानंतर १९५२ सालीं झाला.

गिरणीच्या इमारतींतहि माणसाचा विचार दिसून येई. हवा खेळती राहावी व तींत ओलावा राहावा म्हणून यंत्रें बसविण्यांत आलीं. आग लागल्यास छतांतून आपोआप पाणी पडावें अशी योजना झाली. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था झाली. जमशेटजी स्वतः मात्र या सर्वांस दानधर्म म्हणत नसत. १८९५ सालच्या सुमारास त्यांनीं स्पष्ट सांगितलें होतें कीं, आपण इतरांहून अधिक उदार किंवा परोपकारी आहोंत असा आपला दावा नाहीं. कामगारांचें आरोग्य व हित हा धंद्याच्या भरभराटीचा पाया आहे, इतकेंच आपण जाणतों. आमच्यांतील कित्येकांस हें ऐकून थोडी निराशा वाटेल. आम्हांस तें बरें वाटतें. दयेनें दिलेलें दया आटली कीं आटतें. हिशेबांत बसवून दिलेलें खातेवहींत राहतें.

येथवर वाचून कोणी असें समजूं नये कीं, गिरणींतला मजूर सुखांत लोळत होता. त्या काळीं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरण्या चालत. १८८१ च्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची मनाई झाली. यावरूनच त्यापूर्वीं कोणतीं मुलें गिरण्यांत होतीं हें कळतें. पगार थोडे, आणि मुंबईंत तर ते महिना उलटून पुष्कळ दिवसांनीं हातीं पडत. तोंवर वाण्याचें उधार, आणि वाण्यानें हात आखडला कीं सावकार. गिरणगांवांतल्या सावकाराचा नेहमींचा दर रुपयास महिना एक आणा असे. एक आणा ऐकावयास क्षुल्लक वाटतो; परंतु बारा महिन्यांचा हिशेब केला तर शंभर रुपयांस पंचाहत्तर रुपये व्याज होतें. पगार उशिरां देणें म्हणजे मजुरास सावकाराच्या दारीं पाठविणें होय, हें मालकांस दिसत नव्हतें असें नाहीं. तें व्याज त्यांस भरावें लागत नव्हतें इतकेंच.

मालकांच्या बाजूनें जमशेटजी जें करूं लागले तेंच कामगारांच्या बाजूनें मागणारा माणूसहि याच सुमारास मुंबईंत उभा राहिला होता. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सप्टेंबर १८८४ त गिरणीकामगारांच्या सभा भरवून साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारीं सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत पगार, कामावर इजा झाल्यास बरें होईपर्यंत पगार आणि जन्माचें पंगुत्व आल्यास पोटाची सोय, अशा त्यांच्या मागण्या होत्या. वाचकांनीं या अर्जाचें साल व नागपुरच्या निधीचें साल शेजारीं ठेवून पाहावें: १८८४ व १८८६. मुंबईच्या गिरणीमालकांनीं आठवड्याची सुट्टी १० जून १८९० रोजीं मान्य केली; इजेची व म्हातारपणाची सोय मात्र त्यांनीं लांबणीवर टाकली. लोखंडे १८९७ सालीं प्लेगांत लोकांची सेवा करतां करतां त्याच रोगानें वारले. जमशेटजींच्या स्तुतीच्या भरांत लोखंड्यांस विसरणें हें मोठें अन्यायाचें होईल. एकानें आपण होऊन दिलें, दुसऱ्यानें मागावयास शिकविलें. आणि देणारा एक निघाला तर न देणारे शंभर असतात, म्हणून मागावयास शिकविणाराचें काम अधिक कठीण होतें.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या वाडवडिलांस गांवाबाहेर राहावें लागलें त्यांस, सांगणें प्राप्त आहे. नागपूर-भंडाऱ्याकडील महार समाजांत जाडेंभरडें कापड विणण्याचा धंदा पूर्वापार होता. गिरण्यांच्या सुतानें व कापडानें तो बसला, आणि पुष्कळ लोक हातमाग टांगून त्याच गिरण्यांच्या दारांत गेले. गिरणींत जात विचारीत नाहींत असें त्यांस वाटलें असेल. परंतु मुंबईच्या गिरण्यांत कापडखात्यांत, जेथें पगार अधिक, तेथें अस्पृश्य मानलेल्या माणसास पुष्कळ वर्षें शिरकाव नव्हता. तुटलेला धागा तोंडानें ओढावा लागतो व विटाळ होतो, हें कारण. डॉक्टर आंबेडकरांनीं १९२८ च्या संपाच्या वेळीं हा प्रश्न उघड मांडला. जेथें निधि पगाराच्या प्रमाणांत जमतो तेथें पगारांत केलेला हा भेद म्हातारपणापर्यंत माणसाची पाठ सोडीत नाहीं.

एम्प्रेस मिल चालू लागल्यावर जमशेटजींचें मन दुसऱ्या मोठ्या कामांकडे वळलें. १८८६ सालीं त्यांनीं कुर्ल्याची एक डबघाईस आलेली गिरणी घेऊन तिचें नांव स्वदेशी ठेविलें. १८९२ सालीं होतकरू तरुणांस परदेशीं उच्च शिक्षणासाठीं पैसा देण्याचा निधि काढिला. हा पैसा बक्षीस नसून कर्जाऊ असे, आणि शिकून कमावूं लागलेल्यानें तो फेडला कीं दुसऱ्याच्या उपयोगीं पडे. चांदा जिल्ह्यांत लोहारा येथील लोखंडाच्या दगडाचा शोध त्यांनीं वर्षानुवर्षें केला. तो हेतु चांद्यास सिद्धीस गेला नाहीं. पण लोखंडाच्या कारखान्याची कल्पना त्यांनीं सोडली नाहीं. कारखान्याची जागाहि ठरली नव्हती, अशा वेळीं, १९०२ सालीं, त्यांनीं परदेशांतून आपला मुलगा दोराबजी यास पत्र लिहून कामगारांच्या गांवाविषयीं सूचना केल्या: रस्ते रुंद असावे, लवकर वाढणारीं व सावली देणारीं झाडें लावावीं, खेळावयास मैदानें व बागा मोकळ्या सोडाव्या, आणि हिंदूंच्या देवळांस, मुसलमानांच्या मशिदींस व ख्रिस्ती मंदिरांस जागा राखून ठेवाव्या.

तें गांव पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. प्रकृति ढासळल्यामुळें ते युरोपांत गेले व जर्मनींतील बाड नौहाईम येथें १९ मे १९०४ रोजीं वारले. इंग्लंडांत ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमींत त्यांस ठेविलें आहे.

निधि हा मालक मेला म्हणून मरत नाहीं, याचा पुरावा पुढें मिळाला. साकची येथें कारखाना उभा राहिला. त्या गांवास १९१९ सालीं जमशेदपूर हें नांव मिळालें. तेथें १९१२ सालीं आठ तासांचा दिवस, १९२० सालीं भरपगारी रजा, भविष्यनिर्वाह निधि व इजेची भरपाई, आणि १९३४ सालीं नफ्यांतील वांटा, असें एकामागून एक सुरू झालें. तरी १९२० सालींच तेथें मोठा संप झाला, आणि १९२८ सालीं त्याहून मोठा. सोयी दिल्या म्हणजे कामगारानें तोंड उघडूं नये, असा करार कोणीं केलेला नसतो.

नागपुरांत १९२० नंतरच्या दशकांत एम्प्रेस मिलनें आपल्या कामगारांच्या वस्त्यांतील समाजसेवेचें काम ख्रिस्ती तरुणांच्या संघाकडे, म्हणजे वाय. एम. सी. ए. कडे सोंपविलें, तसेंच इंदोरा येथें कामगारांनीं स्वतःचीं घरें बांधावीं म्हणून जागा मिळवून, हप्त्यानें फेडावयाच्या बोलीवर त्यांस रक्कम देण्याची योजना केली. घर बांधण्यास रुपयास महिना एक आणा द्यावा लागला असता तर कोणाची भिंत उठली असती? ती गिरणी १९८६ सालीं टाटांच्या हातून जाऊन राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली व पुढें कायमची बंद पडली.

आतां पुन्हां नागझिऱ्याकडे येऊं. हा मुलूख १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांत होता. येथें गिरणी नाहीं, पण विडी आहे. जंगलांतील तेंदूचें पान कारखानदाराकडे जातें, तेथून तंबाखू व सूत यांच्यासह घरोघर जातें, आणि बाया ओसरीवर सूप मांडीवर घेऊन हजारांच्या हिशेबानें विड्या वळतात. १९७७ सालीं भविष्यनिर्वाह निधीचा कायदा विडीच्या धंद्यास लागू झाला. त्यावर कारखानदारांनीं अशी हरकत घेतली कीं, जी बाई आपल्या घरीं बसून, आपल्या सवडीनें विडी वळते, ती आमची नोकर कशी? तिला हजेरी नाहीं, भोंगा नाहीं, आमचें छप्पर नाहीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९८५ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, माल कारखानदाराचा, मजुरी कारखानदाराची, आणि वाईट वळलेली विडी नाकारण्याचा अधिकारहि त्याचाच. तेव्हां घरीं वळणारी बाई ही कामगारच आहे, आणि तिच्या नांवें निधींत पैसा भरलाच पाहिजे. ज्यांच्या घरांत विडी वळली जाते त्यांनीं आपल्या नांवाचें खातें आहे कीं नाहीं हें कारखान्याच्या मुनिमास विचारावें, आणि ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांचे कागद मंडळींतील उपदेशकानें एकदां वाचून दाखवावे. नांवांत एका अक्षराची चूक असली तरी पैसा अडतो, असें पुष्कळदां घडतें.